सापाची राखण

आमच्या कॉलनीत इंदूताई खोब्रागड्यांना सगळे ‘साँपवाली मैडम’ म्हणायचे. या बाईंनी आयुष्यात एकाही सापाला हात लावलेला नाही, हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं.

मला ते पहिल्याच भेटीत कळलं. नागपूरहून दिल्लीला बदली होऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. तळमजल्यावरचं सरकारी क्वार्टर मिळालं होतं. मागे कॉलनीची भिंत होती आणि भिंतीपलीकडे रिजचं, म्हणजे दिल्लीतल्या टेकाडांवरचं, जंगल. क्वार्टर ताब्यात घेताना मला वाटलं होतं, काय नशीब आहे आपलं, दिल्लीत खिडकीतून झाडं दिसतात! जुलैतल्या एका सकाळी ऑफिसला निघताना पाहिलं, तर माझी मांजर, चिंगी, वॉशिंग मशीनसमोर शेपूट फुगवून उभी. मी तिला उचलायला वाकले आणि मशीनच्या मागून आवाज आला. कुकरची शिटी होण्याआधी वाफ सुटते ना, तसा. मी चिंगीला कवटाळून किंचाळतच अंगणात आले. शेजारची सुनीता नेगी धावत आली आणि न विचारताच म्हणाली, “रुकिए, मैं मैडम को बुलाती हूँ.”

मॅडम आल्या त्या पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन. उंच, हडकुळ्या, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात मंत्रालयाचं ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी. त्याही ऑफिसलाच निघालेल्या. माझं नाव-गाव विचारण्याच्या आधी त्यांनी विचारलं, “मांजर कुठे होती? जवळ गेली होती का?”

“नाही. लांबूनच बघत होती.”

“नक्की? तिचे पंजे बघ. तोंड बघ. बरं. आता तिला आतल्या खोलीत कोंड आणि दाराच्या फटीत टॉवेल घाल.”

मी परत येईपर्यंत त्यांनी न्हाणीघराच्या दारापासून चांगली दहा फुटांवर खुर्ची मांडली होती आणि फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होत्या. फोन ठेवून त्या बसल्या. मी म्हटलं, “आता?”

“आता बसायचं. साप पकडणाऱ्या संस्थेची पोरं येतील. ट्रॅफिक आहे, दीड-दोन तास लागतील.”

“तुम्ही नाही पकडणार?”

“मी? मला काय वेड लागलंय?”

दोन तास त्या बसून होत्या. नजर मशीनच्या मागे दिसणाऱ्या त्या टीचभर काळ्या वेटोळ्यावर. मी चहा केला, तर मान न वळवता त्यांनी नुसता हात पुढे केला आणि मी कप त्यात ठेवला. मी धास्तावून काहीबाही बोलत होते. त्या एवढंच म्हणाल्या, “वर्षा, दिसतोय तोवर तो एक साप आहे. दिसेनासा झाला, की घरभर साप.”

संस्थेची मुलं आली आणि नाग पकडून घेऊन गेली. इंदूताई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, खुर्ची माझ्याच अंगणात ठेवून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ऑफिसला गेल्या. नंतर एकदा मी विचारलं, की अशा रजेच्या अर्जात कारण काय लिहिता? म्हणाल्या, “घरगुती.”

त्याच संध्याकाळी त्या खुर्ची न्यायला आल्या आणि तासभर घर तपासत बसल्या. न्हाणीच्या मोरीला जाळी नव्हती. मागच्या दाराखाली दोन बोटं फट होती. कुंड्यांमागे जुन्या विटा होत्या. मग त्यांना चिंगीची थाळी दिसली. “हे खाणं रात्रभर बाहेर असतं? म्हणजे तू उंदरांना जेवायला बोलावतेस. आणि उंदरांच्या मागून कोण येतं?” मी थाळी उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी माझ्या मोरीला जाळी बसली. कॉलनीच्या देखभालीच्या ऑफिसात मी तक्रार लिहिली असती, तर जाळी दिवाळीत बसली असती. इंदूताईंनी स्वतः तार आणि पक्कड आणून बसवली.

त्या एका मंत्रालयात स्टेनो होत्या. मूळच्या चंद्रपूरकडच्या, धानाच्या पट्ट्यातल्या एका खेड्यातल्या. नवरा लवकर गेला, मुलगा नोएडात नोकरीला. इतकी वर्षं दिल्लीत राहून मराठी अगदी पुस्तकी झाली होती आणि हिंदी सरकारी. हातात बारा महिने छत्री असायची, आणि अंधाऱ्या जागी पाय टाकण्याआधी त्या छत्रीनं जमीन ठोकायच्या. ऑफिसात, चौथ्या मजल्यावर, कपाटात हात घालण्याआधीसुद्धा त्या दारावर टकटक करत. लोक हसायचे. त्यांच्या तोंडावर कधी हसू नसे. सापांबद्दल त्यांना प्रेम आहे असंही कधी वाटलं नाही. एकदा कॉलनीतल्या कुणीतरी म्हटलं, “मैडम को साँपों से बड़ा लगाव है.” तर त्या तुटकपणे म्हणाल्या, “मुझे नींद से लगाव है.”

त्यांच्या घरी कुत्रं-मांजर काही नव्हतं. पण कॉलनीतलं प्रत्येक कुत्रं त्यांना नावानं माहीत होतं. जास्त लळा सुनीताच्या वडिलांच्या कुत्र्याचा, शेरूचा. नेगीजी गढवालचे, सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे. बायको गेल्यावर ते मुलीकडे आले ते हा तांबूस, एक कान मोडलेला पहाडी कुत्रा घेऊनच. संध्याकाळी फिरून येताना शेरू इंदूताईंच्या दारात थांबायचा आणि पोळीचा तुकडा घेतल्याशिवाय हलायचा नाही. इंदूताई त्याचे पंजे उलटून बघायच्या, कान बघायच्या. नेगीजींना सांगायच्या, “इसको घास में मत छोड़िए, भाईसाहब. कुत्ता साँप को सबसे पहले देखता है और सबसे पहले मरता है. हमारी तरह पीछे नहीं हटता.”

कॉलनीनं त्यांना खरं मानलं ते रामसेवक माळ्यामुळे.

एका सकाळी मेंदी छाटताना रामसेवकला हाताला नाग चावला. मी पोचले तेव्हा घोळका जमला होता. एक जण दंडाला दोरी बांधायला निघालेला, दुसऱ्यानं कुठूनसं ब्लेड आणलेलं. रामसेवकचा मेहुणा ओरडत होता, की मानेसरच्या पुढे एक बाबा आहे, विष झाडतो, गाडी काढा. इंदूताई आल्या, ब्लेड हिसकावून नालीत फेकलं. “कुछ मत बाँधो, कुछ मत काटो!” मनगटावरचं घड्याळ पाहून चावल्याची वेळ विचारली. साबण लावून रामसेवकच्या हातातलं कडं काढलं, कारण हात सुजायला लागला होता. आपली छत्री त्याच्या हाताला लावून सुनीताच्या ओढणीनं गुंडाळली, म्हणजे हात हलणार नाही. मेहुणा ऐकेना. “बाबा के पास ही जाएँगे!” इंदूताई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “बिल्कुल जाएँगे. मैं खुद चलूँगी. लेकिन पहले अस्पताल. बाबा के पास वापसी में.”

रामसेवक पाच दिवस हॉस्पिटलात होता, त्यातला दीड दिवस श्वासाच्या मशीनवर. वाचला. पुढच्या रविवारी इंदूताई माझ्या दारात. “चल, मानेसरला जायचंय.” मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी शब्द दिला होता. रामसेवक, त्याचा मेहुणा आणि आम्ही दोघी बसनं आणि पुढे शेअर ऑटोत दाटीवाटीनं बसून त्या बाबाकडे गेलो. गावात घरी बुद्धाच्या तसबिरीशिवाय कशापुढे हात न जोडलेली ही बाई मोरपिसांच्या झाडूखाली मान वाकवून बसली. रामसेवकचं झाडणं झाल्यावर त्या बाबाला म्हणाल्या, “महाराज, आप आशीर्वाद दीजिए, मैं मना नहीं करती. बस, खड़े-खड़े दीजिए और गाड़ी अस्पताल की तरफ मोड़ दीजिए.” आणि हॉस्पिटलचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद त्याच्या हातात ठेवला. बाबानं तो भिंतीला चिकटवला, एवढं मी पाहिलं. पुढे त्याचं काय झालं कोण जाणे.

या प्रकारानंतर कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप इंदूताईंचाच झाल्यासारखा झाला. लोक फोटो टाकायचे. पानाखालची शेपटी, नालीतली कात, कधी नुसती सायकलची ट्यूब. इंदूताई चिडायच्या. “फोटोवरून कळत नाही. माणूस उभा करा, लांब उभा करा, नजर ठेवा, संस्थेला फोन करा.” पण उत्तर द्यायच्या. लोकांना उत्तराची सवय लागली आणि, मला वाटतं, त्यांनाही द्यायची.

संसदेचं अधिवेशन चालू होतं. अधिवेशनात मंत्रालयाच्या स्टेनोला जेवायलाही फुरसत नसते. त्यातल्या एका संध्याकाळी साडेसहाला सुनीतानं थेट इंदूताईंना फोटो पाठवला. व्हरांड्यातल्या चपलांच्या रॅकखाली एक बारीक काळपट साप, त्यावर पांढरे पट्टे. डोकं आणि शेपटी आत अंधारात होती, दिसत होता तो मधला वीतभर भाग, तोही हललेला. साहेब शेजारी उभे राहून संसदेतल्या प्रश्नाच्या उत्तराचा मसुदा सांगत होते. इंदूताईंनी डाव्या हातात फोन धरून पाहिलं आणि उत्तर लिहिलं. मी तो मेसेज नंतर वाचलाय. “कवड्या लगता है. ज़हरीला नहीं होता. घबराइए मत, निकल जाएगा.”

सुनीतानं आणखी कुणाला फोन केला नाही. रॅक हलवून पाहिला, तर साप नव्हता. निघून गेला असेल असं समजून तिनं स्वयंपाकाला घेतलं. नेगीजी उकाड्यामुळे व्हरांड्यातच बाजेवर झोपायचे. शेरू बाजेखाली.

सकाळी नेगीजींनी हाक मारली तर शेरूनं मान उचलली आणि ती परत पडली. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, तोंडातून लाळ. भुंकायला तोंड उघडत होता पण आवाज येत नव्हता. अंगावर कुठे रक्त नाही, सूज नाही. सुनीताचा नवरा त्याला चादरीत घेऊन गाडीकडे धावला, मी मागचं दार उघडलं. जनावरांच्या हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत पोचेस्तोवर त्याचा श्वास थांबला होता. इकडे बाजेखालच्या पायपुसण्याच्या घडीत साप सापडला. संस्थेच्या मुलीनं लांब चिमट्यानं उचलून बरणीत घातला आणि म्हणाली, “करैत है, दीदी. अंकल बच गए.”

मण्यार. सगळ्यांत विषारी. कवड्या तिच्यासारखाच दिसतो आणि निरुपद्रवी असतो. हा फरक कॉलनीतल्या निम्म्या बायकांना इंदूताईंनीच शिकवला होता. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे डोक्यापासून थोड्या अंतरावर सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठसठशीत राहतात. म्हणजे डोकंही बघायचं आणि शेपटीही. फोटोत दोन्ही नव्हतं.

सुनीता कुणाला काही बोलली नाही. तिनं वडिलांना फोटो दाखवला होता, पण इंदूताईंच्या मेसेजबद्दल त्यांनाही सांगितलं नव्हतं. इंदूताईंनी गप्प राहायचं ठरवलं असतं, तर ही गोष्ट त्या दोघींतच राहिली असती. त्या दिवशी त्या ऑफिसला गेल्या नाहीत. दुपारी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “तू फक्त बरोबर चल. बोलू नको.”

नेगीजी व्हरांड्यात बाजेवरच बसले होते. इंदूताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. “भाईसाहब, सुनीताने मुझे फोटो भेजी थी. मैंने कहा था कि ज़हरीला नहीं है. मैंने गलत कहा. मैंने ठीक से देखा ही नहीं.”

नेगीजींनी मान वर केली. मग म्हणाले, “आपने साँप देखा था?”

“नहीं. फोटो देखी थी.”

“फोटो तो हमने भी देखी थी,” ते म्हणाले आणि उठून आत गेले. दार आपटलं नाही. हळूच लावून घेतलं.

त्या वाक्याचा अर्थ मी कितीतरी दिवस लावत होते. दोष आमचाही आहे असं त्यांना म्हणायचं होतं, की फोटो बघायला तुम्ही कशाला हव्या होतात, असं? इंदूताईंनी तो दुसरा अर्थच घेतला. परत येताना त्या माझ्या पायरीवर बसल्या, आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून न ऐकलेली त्यांच्या गावाकडची भाषा बाहेर पडली. “काहून लिवलं मी तसं? काहून लिवलं, सांग न.”

मी आतून पाणी आणून दिलं. पेला रिकामा करून त्यांनी सांगितलं ते पुन्हा पुस्तकी मराठीतच, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. त्या नऊ वर्षांच्या होत्या. धाकटा भाऊ गौतम पाच वर्षांचा. दोघं घरात खालीच झोपायची. एकदा पहाटे त्यांना जाग आली तर भिंतीच्या कडेनं काहीतरी लांबट सरकत गेलेलं दिसलं. झोप अनावर होती. त्या कूस बदलून पुन्हा झोपल्या. सकाळी गौतमचं पोट दुखायला लागलं. अंगावर खूण नव्हती. आई म्हणाली, काल बोरं खाल्ली त्यानं. ओवा दिला, पोट शेकलं. दुपारी त्याच्या पापण्या उचलेनात, तेव्हा कुठे इंदूताईंना पहाटेचं आठवलं आणि त्या बोलल्या. बैलगाडी अर्ध्या वाटेवर असताना तो गेला.

“मी पाहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. कालच्यासारखंच.”

त्या दिवसानंतर त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. कुणी फोटो पाठवला, तर एकच उत्तर, “विषारी समजा, संस्थेला बोलवा.” कुणी घरी बोलवायला आलं, तर बरं नाही म्हणायच्या. दोनेक महिन्यांनी बागेत मुलं खेळत असताना एक लांबलचक साप निघाला. राखण करायला आता कुणी नव्हतंच. तरुण मंडळींनी हॉकीच्या काठ्यांनी तो ठेचला. इंदूताई ऑफिसातून येत होत्या. घोळक्याच्या कडेला थांबल्या. धामण होती, मलाही ओळखू आली. कुणालाही इजा न करणारी, कॉलनीतले उंदीर खाणारी. मारणाऱ्यांपैकी एकानं अभिमानानं विचारलं, “मैडम, कौन सा था?”

इंदूताईंनी त्या चिरडलेल्या लांब अंगाकडे पाहिलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, “मुझे नहीं मालूम.”

त्यांच्यावर मला तेव्हा राग आला होता, हे कबूल करते. एक चूक झाली म्हणून माणसानं सगळंच सोडून द्यायचं? घरी येऊन मी चिंगीला मांडीवर घेऊन बसले, तेव्हा वाटलं, ती मण्यार माझ्या दारात असती, फोटो मी पाठवला असता आणि चिंगी गेली असती, तर मी एवढं समजूतदार बोलले असते का? त्या रागाचं पुढे काही केलं नाही.

नेगीजी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. रस्त्यात समोर आल्यावर मान किंचित लववायचे, तेवढंच. पुढच्या पावसाळ्याआधी एका सकाळी मात्र ते इंदूताईंच्या दारात उभे दिसले. “मैडम, नाली की जाली टूट गई है. देख लीजिए.” घरात जावई होता, सुनीता होती. तरी ते इकडे आले. इंदूताई पक्कड घेऊन गेल्या. मी मागच्या अंगणातून बघत होते. इंदूताई उकिडव्या बसून तार पिळत होत्या, आणि नेगीजी वाकून बॅटरी धरून उभे होते. अर्धा तास लागला. काम झाल्यावर नेगीजींनी आत जाऊन दोन कप चहा आणला. इंदूताईंनी तो उभ्यानंच प्यायला. माफी म्हणायची की नाही, मला ठरवता आलेलं नाही. इंदूताईंनाही आलं नसावं, कारण त्याबद्दल त्या माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत.

त्या निवृत्त झाल्या, क्वार्टर सोडलं आणि मुलाकडे नोएडाला गेल्या. अकराव्या मजल्यावर. मुलानं मुद्दाम वरचा फ्लॅट घेतला होता. मीही नंतर कॉलनी सोडली. फोनवर बोलणं व्हायचं, पण ‘कशी आहेस, चिंगी कशी आहे’ यापलीकडे जायचं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. सूनबाई एकट्याच घरी. म्हणाल्या, “आई खाली गेल्यात. रोज जातात. आम्ही सांगून थकलो.” कुठे ते त्यांनी बाल्कनीतून बोट करून दाखवलं. शेजारच्या प्लॉटवर नवा टॉवर उभा राहत होता. त्याच्या पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांची रांग, भोवती गुडघाभर गवत आणि साचलेलं पाणी. मी उतरून तिकडे गेले.

तिसऱ्या झोपडीचं दार उघडं होतं. आत जमिनीवर अंथरूण, अंथरुणावर निळी मच्छरदाणी टांगलेली. कडेवर तान्हं मूल घेतलेली एक बाई दाराशी उभी राहून हसत होती. “अम्मा, यहाँ मच्छर इतना नहीं है.”

“मच्छर के लिए नहीं है, बेटी,” आतून इंदूताईंचा आवाज आला.

त्या गुडघ्यांवर होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले, चष्म्याची काच घामानं धुरकटलेली. मच्छरदाणीची कड गादीखाली खोचत त्या एकेक वीत पुढे सरकत होत्या. “ऐसे. चारों तरफ. कहीं से हाथ भी नहीं जाना चाहिए. बच्चे को अंदर लेके सोना, और सुबह पैर नीचे रखने से पहले देखना.” बाई हो हो म्हणत होती, पण तिचं लक्ष बाहेर शिजणाऱ्या भाताकडे होतं. ते इंदूताईंनाही कळत असावं.

मी हाक मारणार होते. पण त्या चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. तिथली कड खोचून झाली, आणि मला वाटलं आता उठतील. त्या उठल्या नाहीत. तशाच गुडघ्यांवर वळून पुन्हा पहिल्या कोपऱ्यापाशी गेल्या, जाळी चिमटीत धरून ओढून पाहिली. सुटली नाही. मग चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्याच कोपऱ्यावर अगदी जवळ वाकून बघत राहिल्या.